आमच्या घरात कोणी पडत नाही

…म्हणजे औषधाच्या दुकानदाराला माहीत, शेजारच्या वहिनींना माहीत, जिना झाडणाऱ्या बाईंना माहीत, दुसऱ्या शहरात राहणाऱ्या माझ्या मुलीला माहीत, आमच्या हिला तर पहिल्या पाच मिनिटांत माहीत, आणि मला? मला कधी कळावं? सहा दिवसांनी! तेही कसं, तर मी आपला दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला उभा, आणि दुकानदार बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणतो, "आजींचा पाय काय म्हणतो आता?" मी म्हटलं, कुठल्या आजींचा? म्हणाला, "तुमच्याच की. सूज उतरली का? पट्टी फार घट्ट नाही ना बांधत?" आता सांगा, काय तोंड करायचं माणसानं? मी म्हटलं, उतरली, उतरली… आईच्या पायाला सूज आहे हे कळून मला चार सेकंद झाले होते, आणि मी ती उतरवूनही मोकळा झालो.

बरं, दुसऱ्या कोणाची आई असती तर म्हटलं असतं, जाऊ दे, मुलगा कामात असतो, राहिलं सांगायचं. पण मी काम काय करतो? तुम्हाला सांगतो, मी आरोग्य विभागात आहे, आणि आरोग्य विभागात कुठे, तर म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून जो कक्ष काढलाय, त्या कक्षात. कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक कपाट, आणि खुब्याच्या हाडाचा एक प्लास्टिकचा नमुना, जो आम्ही कागद उडू नयेत म्हणून वापरतो. तर पडण्याचं जे काही असेल ते आमच्याकडे. घसरणं आमच्याकडे, अडखळणं आमच्याकडे, पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं आमच्याकडे. आणि माझी आई पडते, आणि मला ते खोकल्याच्या औषधाबरोबर फुकट मिळतं. आणि खातं कुणाचं? माझं.

तसं मला नवल वाटायला नको होतं. म्हातारी माणसं पडल्याचं सांगत नाहीत, हे मीच सभागृहांतून सांगत असतो. आमचा एक फॉर्म आहे. दारोदार जाऊन भरायचा. त्यातला दुसराच प्रश्न, 'गेल्या बारा महिन्यांत आपण पडलात का?' आणि तुम्हाला सांगतो, कोणी म्हणजे कोणी पडत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक होते, कपाळाला टाके, हाताला प्लास्टर, मी विचारलं, सर, पडलात? म्हणाले, "छे. जरा बसलो." मी म्हटलं, कुठे बसलात? तर म्हणाले, मोरीत. एक आजी म्हणाल्या, पडले नाही, भिंत जवळ होती. म्हणजे काय? तर म्हणे भिंतीनं धरलं. भिंतीनं जिथे धरलं तिथे अजून निळं होतं. आणखी एक गृहस्थ, ते तर म्हणाले, मी पलंगाखाली काय काय साठलंय ते बघायला उतरलो होतो. किती वेळ बघत होतात? तर सून कामावरून येईपर्यंत! आता हे मी कुठल्या रकान्यात लिहू? आमच्या फॉर्मवर विश्वास ठेवला तर या गावात वर्षानुवर्षं कोणी पडलेलंच नाही. हाडांच्या दवाखान्यात खाट मिळत नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही हो ही. आमचं सगळं शास्त्र, सगळी पत्रकं, ते प्लास्टिकचं हाड, सगळं एका वाक्यात मावतं, की जो एकदा पडतो तो पुन्हा पडतो, आणि पहिलं पडणं वेळेवर सांगितलं तर दुसरं अडवता येतं. डोळे तपासता येतात, झोपेची गोळी बदलता येते, चपला बदलता येतात, एक कडं ठोकता येतं. सांगितलंच नाही तर काय ठोकणार? कपाळ?

तर आई एकदा पडली होती, हे आता मला कळलं. एकदाच पडली होती का, हे कळलं नव्हतं. आणि दुकानातून घरापर्यंत चालत येताना मला दुसरं काही सुचत नव्हतं.

ती मला का सांगत नाही? तुम्ही म्हणाल, हा पत्रकातलं वाचून दाखवतो म्हणून. तेही आहे. मला आमच्या इमारतीत 'सांभाळून' म्हणतात. नाव म्हणून! 'सांभाळून' आले का कामावरून, असं. कारण जिन्यात कोणी म्हातारं दिसलं की माझ्या तोंडून ते निघतंच. पण ते कारण नाही. कारण मला माहीत आहे. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि सांगतोय म्हणून फार सरळ माणूस आहे असं समजू नका… दुकानदारानं तोंडघशी पाडलं नसतं तर आजही सांगितलं नसतं.

माझे वडील विजेच्या खात्यात होते. तारा जोडणारे. चौतीस वर्षं खांबावर. वाऱ्यात खांबावर, थंडीत खांबावर, आणि चौतीस वर्षांत एकदाही पडले नाहीत. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय, की शाळेत 'माझे बाबा' या निबंधाची पहिली ओळ तीच होती आणि शेवटचीही तीच. त्यांचा तो कमरेचा पट्टा, जाड चामड्याचा, त्याला दोन कड्या. त्यांचा नियम एकच, पहिली कडी सोडायची ती दुसरी अडकल्यावरच. म्हणायचे, "खाली यायचं ते आपल्या मर्जीनं." निवृत्त झाले तेव्हा बाकी सगळं सामान जमा केलं, पट्टा तेवढा मागून घेतला.

तर असा माणूस घरात, आणि मुलगा पडझडीच्या खात्यात. आमच्या साहेबांना कल्पना सुचली. म्हणाले, "आदर्श घर दाखवायला आपण भाड्यानं कशाला घ्यायचं? तुमचंच करू." मी म्हटलं, करू. कशाला म्हटलं? मोठेपणा, दुसरं काय! आले कारागीर. पलंगाशी कडं, मोरीशी दोन कडी, पायाखाली रबर, दाराशी दिवा. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं. पहिली चार पावलं पलंगाच्या कड्यावर, शेवटची तीन मोरीच्या कड्यावर, आणि मधली चार… मधल्या चार पावलांना जो बोळ आहे, त्याच्या एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला भिंत. त्या भिंतीवरही कडं बसणार होतं. पण साहेब म्हणाले, इथे आपला फलक लावू, पाहुण्यांना समोरच दिसेल. मी म्हटलं, लावू. मोठा, काचेच्या चौकटीतला फलक होता. त्यावर काय लिहिलं होतं? 'आधार धरूनच चाला.' ज्या भिंतीवर आधार ठोकायचा, त्या भिंतीवर आम्ही आधार धरा असं लिहून टांगलं. आणि खातं कुणाचं? माझं.

दर बुधवारी पाहुणे यायचे. शिकाऊ परिचारिका यायच्या, दुसऱ्या गावचे कारकून यायचे, एकदा कोणी मोठे अधिकारी फोटोवाल्याला घेऊन आले. आणि बाबा चालून दाखवायचे. त्यांना आवडायचं, खोटं कशाला बोलू. स्वच्छ सदरा घालून पलंगावर बसून राहायचे, पाहुणे आले की कड्याला धरून उठायचे, आणि आधी पाहुण्यांना सांगायचे, ओढून बघा, माझं वजन पेलतं का ते बघा, मी खांबावरचा माणूस, माझा लिहिलेल्यावर विश्वास नाही. सगळे हसायचे. मग अकरा पावलं. मोरीच्या दारात पोचले की टाळ्या. मोरीत जाणाऱ्या माणसाला टाळ्या मिळालेलं दुसरं घर मला माहीत नाही.

आता मला सांगा, ज्या घरात बुधवारी टाळ्या वाजतात, त्या घरात माणूस गुरुवारी पडला तर तो कोणाला सांगेल? मुलाला? मुलाच्या तर बदलीचा, बढतीचा, सगळ्याचाच आधार ती अकरा पावलं. आणि आमच्या घरचा फॉर्म कोण भरायचं? मी. कुठे? ऑफिसात बसून. 'आपण पडलात का?' नाही. मी विचारलंसुद्धा नाही हो कधी. गावातल्या चारशे म्हाताऱ्यांना विचारलं, आणि घरी दोन होते त्यांना नाही विचारलं. मला काय वाटायचं, की मला दिसतंय की! चालतात छान! अहो, बुधवारी चालायचे.

तर एका मंगळवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे म्हणून मी घर तपासायला घेतलं. हातात आमचीच यादी, वीस कलमं. सातवं कलम, जमिनीवर लोंबणारे पट्टे, दोऱ्या, वायरी ताबडतोब हलवाव्यात. आणि बोळातल्या खिडकीच्या गजांना बाबांचा पट्टा लोंबत होता, टोक जमिनीवर. तो बरेच दिवस तिथे असायचा. मला वाटायचं, म्हातारपण, जुन्या वस्तूचा लळा. मी काढला, गुंडाळला, स्टुलावर चढून माळ्यावर टाकला. स्टुलावर चढू नये, हे अकरावं कलम.

बाबा पलंगावर बसून बघत होते. म्हणाले, पट्टा कुठे ठेवलास? मी म्हटलं, माळ्यावर, बाबा, पाय अडकेल तुमचा त्यात. त्यांनी माळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं."

बुधवारी उत्तम चालले. अकरा पावलं. टाळ्या.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला पडले. बोळात, फलकाखाली. मी त्या वेळी एका सभागृहात मोरीच्या उंबरठ्यावर बोलत होतो, आणि चांगलं बोलत होतो. खुबा मोडला. शस्त्रक्रिया नीट झाली, सगळे म्हणाले नीट झाली. मग छातीत कफ झाला. एक्केचाळीस दिवस दवाखान्यात होते. तिथे त्यांच्या खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे होते, ते त्यांना आवडायचे नाहीत. एवढंच.

पुढे ऑफिसात कागद आला, घटनेचं कारण लिहा. साहेब वाईट नाहीत हो, मलाच विचारलं, काय लिहायचं? मी लिहिलं, वयोमान. पाच अक्षरंसुद्धा नाहीत. त्यानंतर आदर्श घर बंद झालं, फलक परत गेला, त्या भिंतीवर कडं आलं ते तेव्हा. आणि बाबा गेल्यानंतर महिनाभरानं एका दुपारी मी त्या बोळात उभा होतो, उगाच, काही काम नव्हतं, आणि माझी नजर खिडकीच्या गजांवर गेली. कमरेच्या उंचीवर रंग उडाला होता. एका गजाचा, मग दोन गज सोडून एकाचा, मग दोन सोडून एकाचा. असं चार ठिकाणी. बरोबर एकेका पावलाच्या अंतरावर. खाली लोखंड दिसत होतं, घासून घासून चकचकीत झालेलं.

म्हणजे तुमच्या लक्षात आलं ना? लळा नव्हता तो. माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या मोरीपर्यंत, खांबावर चढल्यासारखा जात होता. एक कडी अडकवायची, पाऊल टाकायचं, दुसरी अडकवायची, पहिली सोडायची. जे कडं मी ठोकलं नाही, ते त्यांनी आपलं आपण केलं होतं. आणि मी ते यादी बघून काढून टाकलं. सातवं कलम. खातं माझं.

दोन वर्षं झाली याला. हिला नाही सांगितलं, मुलीला नाही, आणि आईला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. चारचौघांत व्याख्यान देताना सातवं कलम आलं की मी पाणी पितो. लोकांना वाटतं, घसा बसला.

तर आता दुकानातून निघालो, हातात खोकल्याचं औषध. ठरवलं, आज आईसमोर बसायचं, फॉर्म काढायचा आणि रीतसर विचारायचं. ती एकदा पडली असेल तर एकदा, चारदा पडली असेल तर चारदा, पण या वेळी उत्तर तिच्या तोंडून. या तिरमिरीत जिना चढायला लागलो. आमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी आहे, पायरी दिसावी म्हणून. मीच लावून घेतलेली. तिसऱ्या पायरीवरच्या पट्टीचं टोक सुटलं होतं. त्यात माझा बूट अडकला, आणि मी जो गेलो… तुम्हाला सांगतो, आडवा! बाटली फुटली, कोपर सोलवटलं, आणि चोपन्न वर्षांचा, खात्यातला अनुभवी माणूस पडल्या पडल्या पहिली गोष्ट काय करतो? लागलं का ते बघतो? नाही. कोणी बघितलं का ते बघतो!

बघितलं होतं. जिना झाडणाऱ्या बाई वरच्या कठड्यावरून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "साहेब, लागलं का हो?" आणि मी, तिथे पडल्या पडल्या, खोकल्याच्या औषधात, काय म्हणालो? म्हटलं, नाही नाही, ही पट्टी नीट चिकटवतोय! त्या बिचाऱ्या म्हणाल्या, बरं. कुठून येतं हो हे? कोण शिकवतं? मुख्याध्यापक मोरीत बसले होते तेव्हा मी किती हसलो होतो, घरी येऊन हिला नक्कल करून दाखवली होती.

वर गेलो. बाही खाली ओढून घेतली. आई पलंगावर बसलेली, पाय उशीवर, मला बघून तिनं चादर ओढली. तिची चादर, माझी बाही. आई-मुलगा शोभतो खरे. मी खुर्ची ओढली, पिशवीतून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि म्हटलं, आई, आधी मला तुला एक सांगायचंय. आणि सांगितलं. पट्टा, माळा, गजांवरचा रंग, कागदावर लिहिलेलं वयोमान, सगळं. मान वर न करता, एका दमात. मला वाटलं, ती रडेल. वाटलं, काहीतरी बोलेल, आणि मला ते ऐकून घ्यायलाच हवं.

ती बराच वेळ चादरीचा काठ नीट करत होती. मग म्हणाली, "मला माहीत होतं रे. त्यांचे हात कापायचे. कडी मीच लावून द्यायचे."

मी म्हटलं, मग मी काढला तेव्हा बोलली का नाहीस?

म्हणाली, "तेच म्हणाले, बुधवार जाऊ दे. शनिवारी तू घरी असतोस. शनिवारी मागू म्हणाले."

शनिवारी.

 आतून ही चहाला हाक मारत होती. दोन वर्षं मी एका खोलीत लपवत होतो, आई दुसऱ्या खोलीत लपवत होती, मध्ये तो बोळ. आणि तिला वाटत होतं चूक तिची, तिनं तोंड उघडलं असतं तर… म्हणजे माझी लाज तीही उचलून बसली होती, त्या सुजलेल्या पायानं. मी म्हटलं, आई, तुझी चूक नाही. ती म्हणाली, तुझी तरी कुठे आहे? आणि दोघांनाही ते काही पटलं नाही.

पण बोललो होतो ना! एवढं बोललो होतो की आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला वाटलं, झालं, आता ही मला सगळं सांगेल. किती वेळा, कुठे, कशी, रात्रीची गोळी घेतल्यावर की सकाळी उठताना. आणि मग मी जिथे हवं तिथे कडं ठोकेन. मी पेन काढलं आणि अगदी हळू विचारलं, "आई, आता खरं सांग. पडलीस ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, बाहीकडे. बाहीवर रक्ताचा रुपयाएवढा डाग आला होता, आणि खोकल्याच्या औषधाचा वास तर खोलीभर सुटला होता. म्हणाली, "कोपराला काय झालं?"

आता एवढं सगळं बोलून झालेलं, वडिलांचं बोलून झालेलं, डोळे पुसून झालेले, आणि तोंडातून काय निघावं?

म्हटलं, "काही नाही. दार लागलं."

"बरं," आई म्हणाली. तिनं चादर पुन्हा पायावर सारखी केली. "मग मलाही दारच लागलं. लिही."

लिहिलं.